वंशावळीत न मावणारं घर

सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या घराघरांत एकाएकी पणजोबांची चौकशी सुरू झाली. गोदावरीच्या पल्याड, अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलेलं होतं. अल्याड गेवराई, माजलगाव, शिरूर कासारकडं लोक ट्रंका उपसत होते. जुन्या कागदात कुठं ‘कुणबी’ अशी नोंद सापडते का, एवढंच पाहायचं होतं. त्यासाठी खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, कुळांच्या नोंदवह्या, गाव नमुना 14 मधली जन्ममृत्यूची नोंद, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, 1951 चं नागरिकांचं रजिस्टर असं काय काय रेकॉर्ड रूममधून बाहेर आलं. मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. निजामाच्या काळातलं उर्दू लावता येणारा गावातला एखादा निवृत्त मास्तर अचानक मोठा माणूस झाला. भावकीत वर्षानुवर्षं बोलणं नसलेली घरं एकाच नोंदीच्या झेरॉक्ससाठी एका ओट्यावर बसली.

आरक्षण कोणाला, कोणाच्या वाट्यातून, हा वाद मी इथं काढत नाही. ओबीसी, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त यांच्या घरांना हे खेटे नवे नव्हते, हेही सांगायला हवं. जात पडताळणीसाठी त्यांनी दोन पिढ्या चपला झिजवल्या आहेत. मला या सगळ्यात वेगळीच गोष्ट दिसली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी इतक्या मोठ्या संख्येनं आपल्या घराण्याचा इतिहास याआधी कधी लिहून काढला नसेल. तो लिहिला सरकारी नमुन्यात. वर खापरपणजोबा, त्याखाली पणजोबा, मग आजोबा, वडील, शेवटी अर्जदार. मध्ये सरळ रेघा. या कागदाला वंशावळ म्हणतात. तो खोटा नाही, पण बीड जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाचं खरं आयुष्य त्याला टाळूनच गेलेलं असतं.

तरी त्यातही कधी कधी एखादी फट सापडते. माझ्या पाहण्यातल्या एका वंशावळीत तिसऱ्या ओळीवर दगडू हे नाव आहे, त्याच्या चुलत शाखेत धोंडिबा आणि केरू. नाव वाचून तरुण पोरं हसली. घरातली म्हातारी हसली नाही. ‘त्येच्या आधीची चार गेली की,’ ती म्हणाली, ‘मग दगड म्हणायचं, नाहीतर काय.’ मूल जगत नसलं की पुढच्याला दगड, धोंडा, केर अशी नावं द्यायची, म्हणजे त्याच्यावर कोणाची नजर जाणार नाही, ही रीत आपल्याकडं सगळीकडं होती. वंशावळीत न आलेली ती चार लेकरं त्या एका नावात आहेत. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला त्याचं काही नसतं, असायचं कारणही नाही. पण घरच्यांनीही ते विचारलं नव्हतं.

या भागातल्या शेतकऱ्याला घराण्याचा इतिहास म्हटलं की जमीन आठवते. किती होती, कुठं होती, कशी गेली. मूळ पुरुष कुठून आला याच्या गोष्टी असतात, कुलदैवतावरून थोडाफार माग निघतो. एखाद्या घरी भाट येऊन पोथी वाचून गेलेला असतो, कोणी त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायाच्या चोपड्यात आजोबांची सही पाहून आलेला असतो. पण भरवसा सातबाऱ्यावर. म्हणून तो जरा जवळून वाचून पाहण्यासारखा आहे, आणि जुना हस्तलिखित असेल तर जास्तच.

सात म्हणजे हक्काचा नमुना, बारा म्हणजे पिकांचा. सातवरची नावं वाचताना आधी संक्षेपांशी ओळख करून घ्यावी लागते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागलं की धाकट्या तिघांची नावं त्या तीन अक्षरांत जिरतात. पुढं पंचवीस वर्षांनी जे दिवाणी दावे उभे राहतात, त्यातले कितीतरी या तीन अक्षरांतून उगवलेले असतात. दुसरा संक्षेप ‘अ.पा.क.’, अज्ञान पालन कर्ता. वारस लहान आहे, मालकी त्याची, सांभाळणारा दुसरा. जुन्या उताऱ्यांत बाईचं नाव बहुतेक याच वाटेनं येतं: ‘अ.पा.क. आई’. म्हणजे नवरा मेला आणि मुलगा लहान आहे, तेवढ्या वर्षांपुरती ती कागदावर असते. मुलगा सज्ञान झाला की एक फेरफार होतो आणि तिच्या नावाला कंस पडतो. नवरा जिवंत असलेल्या बाईनं त्याच रानात चाळीस वर्षं खुरपणी केली तरी तिची नोंद कुठं नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा, मुलीला जन्मानं हक्क देणारी 1994 ची महाराष्ट्राची दुरुस्ती, 2005 ची केंद्राची दुरुस्ती, हे सगळं झालं. त्यानंतर लेकींची नावं वारसात लागायला लागली आणि लगोलग हक्कसोडपत्रानं उतरायलाही लागली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावली, तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण भाऊ-बहिणीच्या हिशेबात आजही ‘माहेर तुटेल’ हे वाक्य कायद्याच्या कलमाला भारी पडतं.

इतर हक्काचा रकाना मला नेहमीच अधिक बोलका वाटतो. सोसायटीचा बोजा, बँकेचा बोजा, विहिरीचा सामाईक हिस्सा, जाण्यायेण्याची वाट. बोजा चढल्याच्या तारखा आणि घरातल्या लग्नपत्रिका शेजारी मांडून पाहाव्यात. कर्ज कागदावर विहिरीचं, मोटारीचं, बैलजोडीचं असतं; तारीख मात्र लगीनसराईच्या तोंडावरची किंवा दवाखान्याच्या दिवसांतली. मग मुदत खरेदी. पैसे परत केले तर जमीन परत, नाही केले तर गेली. दोन एकर एका मुलीच्या लग्नात गेले आणि दीड एकर म्हाताऱ्याच्या आजारात, असं घरोघरी सांगतात. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘खरेदीखतान्वये’ एवढ्या एका शब्दात उरकलेली.

बाराव्या नमुन्यात घराचं स्वयंपाकघर सापडतं. जुन्या उताऱ्यात बाजरी, हुलगा, तीळ, अंबाडी, मटकी, रब्बीला ज्वारी, करडई, हरभरा. मग हळूहळू कापूस पसरतो. मग सोयाबीन येतं आणि सगळा रकाना गिळून टाकतं. करडई गेली त्या सुमारास घाण्यावरचं तेल गेलं आणि डबा आला. अंबाडी गेली तशी घरी वळलेली दोरी गेली. अर्थात हा रकाना जपूनच वाचावा. चावडीत बसून मागच्या वर्षीचीच पिकं पुढं ओढणारे तलाठी काही कमी नव्हते. आता 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं स्वतः फोटो काढून नोंद करायची असते. त्यात बांधावर रेंज नसल्याची नोंद मात्र होत नाही.

आणखी मागं गेलं की निजामाचा फसली सन सुरू होतो. सनात 590 मिळवले की इसवी सन जवळपास हाती लागतो. 1358 फसली म्हणजे 1948-49, म्हणजे हैदराबाद भारतात आल्यानंतरचं पहिलं वर्ष. महिन्यांची नावं आजूर, बहमन, खुर्दाद, शहरेवार. पाटोद्याच्या माळावर बाजरी पेरणाऱ्या माणसाचा मृत्यू इराणी महिन्यात नोंदला गेला आहे आणि त्याच्या घरी मात्र तो ‘आखाडीच्या दुसऱ्या दिवशी’ गेला. 1949 मध्ये जहागिऱ्या गेल्या, 1950 मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला, चोपन्न-पंचावन्नच्या सुमारास खासरा पाहणी झाली, आणि ज्याला आज आपण ‘वडिलोपार्जित’ म्हणतो त्यातली कितीतरी जमीन नेमक्या याच सहा-सात वर्षांत नावावर लागली. पिढ्यान् पिढ्या कसत होतो हे खरं. पण मालक होऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. ज्यांचं नाव त्या पाहणीच्या दिवशी लागलं ते जमीनदार घराणं ठरलं, ज्यांचं राहिलं ते मजूर. पटवारी त्या दिवशी कोणाच्या ओसरीवर जेवला, यावर पुढच्या तीन पिढ्यांचं नशीब ठरल्याच्या कथा गावोगाव आहेत. त्यातली कुठली खरी, कुठली रंगवलेली, हे ठरवायला पुरावा नाही. पण त्या सगळीकडं सारख्याच आहेत, एवढं खरं.

सारखेपणा तिथंच संपतो. एकाच गावातल्या दोन घरांची कालगणना सारखी नसते. ‘रझाकारात’, ‘बहात्तरात’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या साली’ या खुणा मराठा, वंजारी, माळी, धनगर घरांत ऐकू येतात. दलित वस्तीत ‘नामांतराच्या साली’ ही त्याहून ठळक खूण असते. जुलै 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात त्यांची घरं जळली. मुसलमान शेतकऱ्याच्या घरी ‘पुलिस ॲक्शन’ म्हणताना आवाज खाली येतो. सप्टेंबर 1948 नंतरचे दिवस मराठवाड्यात सगळ्यांनाच मुक्तीचे गेले नव्हते. शिवेला शिव असलेल्या या तीन घरांचा इतिहास एकत्र लिहायला बसलं तर पहिला वाद तारखांवरच होईल.

बहात्तर मात्र सगळ्यांचं आहे. त्या दुष्काळात खडी फोडायला पाटलाची सून आणि गावकुसाबाहेरची बाई एका रांगेत बसल्या, हे सांगताना म्हाताऱ्यांना अजूनही त्याचं नवल वाटतं. सुकडी वाटली जायची आणि रेशनवर मिलो मिळायची, तांबडी ज्वारी. भाकरी रंगानं तांबूस आणि चवीला नकोशी. ही मिलो अमेरिकेतून यायची. तिथं मधल्या मैदानी राज्यांत ती पिकते आणि मुख्यतः जनावरांना घालतात. म्हणजे बालाघाटावरच्या ज्वारी पिकवणाऱ्या माणसानं दूरच्या दुसऱ्या ज्वारी पिकवणाऱ्याच्या गुरांचं धान्य खाऊन ती साल काढली.

त्या दूरच्या शेतकऱ्याच्या घरी इतिहास कसा ठेवतात, हे पाहण्यासारखं आहे. आयोवा राज्यात 1976 पासून ‘सेंच्युरी फार्म’ म्हणून मान देतात. किमान 40 एकर मूळ जमीन शंभर वर्षं एकाच कुटुंबाकडं राहिली असेल तर प्रमाणपत्र आणि फाटकावर लावायला पाटी. घरात बायबलच्या पहिल्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले, चर्चमागच्या दफनभूमीत दगडांवर आजी-आजोबांची नावं. त्या मैदानांतल्या कितीतरी घराण्यांची गोष्ट 1862 च्या होमस्टेड कायद्यानं मिळालेल्या 160 एकरांच्या कागदापासून सुरू होते. त्या कागदाआधी तिथं जे मूळनिवासी होते त्यांचं नाव फाटकावरच्या पाटीवर नसतं, हा त्यांचा फेरफार. आपण माणूस जाळतो, राख पाण्यात सोडतो. दगडावर नाव ठेवत नाही. आणि शंभर वर्षं अखंड 40 एकर? महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर. बांध घालत घालत बांधच जास्त झाले. आपल्याकडं पाटी लावायची तर जमीन टिकली म्हणून नव्हे, ती अपुरी पडूनही घर टिकलं म्हणून लावावी लागेल. आणि ते कशानं टिकलं, हे सातबारा सांगत नाही.

ते टिकलं कोयत्यावर. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, परळीच्या डोंगरी भागातल्या हजारो घरांत दसरा-दिवाळीनंतर कुलूप लागतं आणि पाडव्याच्या आगेमागे ते निघतं. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात प्रवरेचा महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला, मग पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. त्यांना ऊस तोडायला माणसं हवी होती आणि इकडच्या मुरमाड माळांना माणसं पोसवत नव्हती. बहात्तरनं तर वाट पक्कीच केली. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची. ती घराच्या भिंतीत, बैलांत, लग्नात जिरवायची आणि हिवाळाभर फेडायची. फडात पहाटे उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वाढे विकून मीठ-मिरची भागवायची. एक दिवस आजारी पडलं तर खाडा. राहायला कोपी, ती पाल, पाचट आणि बांबूची.

गोपीनाथ मुंडे परळीजवळच्या नाथ्राचे. त्यांच्या मागं ऊसतोड कामगार एक ताकद म्हणून उभा राहिला, लवादात त्याच्या दराची बोलणी झाली, पुढं त्यांच्या नावानं महामंडळ आलं. हे राजकारणाच्या इतिहासात येईल. पण घराच्या इतिहासात? विचारलं तर कोणी सांगत नाही. ‘शेती आहे आमची’ असंच प्रत्येक जण म्हणतो. तीन एकर कोरडवाहू सांगायला आहे आणि सहा महिन्यांचा कोयता सांगायचा नाही. मला ही लाज समजते, पण पटत नाही. घराला खाऊ कोणी घातलं ते पाहिलं तर वर्षाच्या हिशेबात जमीन दुय्यम आणि कोयता मुख्य निघतो. तोडीत गेलेल्या सगळ्या वर्षांचा हिशेब मुकादमाच्या वहीत होता. हंगाम संपला, उचल फिटली किंवा पुढच्या वर्षावर गेली, वही रद्दीत. गेल्या काही वर्षांत ऊसतोड कामगारांच्या नोंदी आणि ओळखपत्रं सुरू झाली आहेत; म्हणजे पन्नास-साठ वर्षांत दोन-तीन पिढ्या वापरून झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या पिढीला कागद मिळतोय.

कागद नसलेल्या घराचाही इतिहास लिहिता येतो, हे याच जिल्ह्यानं दाखवलंय. एकनाथ आवाड यांचे वडील पोतराज. मांग समाजातलं घर. गावच्या दयेवर जगायचं आणि आसूड अंगावर ओढायचा. या मुलानं वडिलांच्या जटा कापल्या, शिकला, मानवी हक्क अभियान उभं केलं आणि गायरानं कसणाऱ्या भूमिहीनांची नावं सरकारदरबारी लागावीत म्हणून आयुष्यभर भांडला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय झाल्यावरही नोंद मिळवण्यासाठी दर हंगामी पीक उभं करून दाखवावं लागे आणि ते कोणी गुरं घालून चारू नये म्हणून रात्री राखावं लागे. ‘जग बदल घालुनी घाव’ हे त्यांचं आत्मकथन मी बीडच्या शेतकऱ्याच्या घराण्याचा इतिहास म्हणूनच वाचतो. त्यात वंशावळ फारशी वर जात नाही, कारण वर जायला कागदच नाही. तरीही आईबाप काय खात होते, काय सोसत होते, कोणापुढं वाकत होते आणि कधी वाकायचं थांबले, हे सगळं त्यात आहे. पन्नास एकरांच्या वाड्यावरच्या माणसांनी आपल्याबद्दल एवढं लिहून ठेवलेलं नाही. त्यांना बहुधा वाटलं असावं की जमीन आहे म्हणजे इतिहास आहेच.

राहिली बायकांची बाजू. ओव्या त्यांनी जात्यावर रचल्या, भाऊ-माहेर-पंढरी सगळं त्यात आणलं. पिठाची गिरणी आली तशा त्या थांबल्या. तोडीला जाणाऱ्या बाईच्या अंगावर तर या इतिहासाच्या खुणाच आहेत. गर्भपिशवी काढलेल्या तरुण बायका एवढ्या कशा, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. खाडा परवडत नाही म्हणून पाळीच नको, या हिशेबाला कुटुंबाच्या इतिहासात कोणत्या रकान्यात लिहायचं, याचं उत्तर वंशावळीचा नमुना करणाऱ्याकडं नसेल, पण घरच्यांकडं तरी असावं.

तोडीतल्या बायांशी बोलताना एक लक्षात येतं. मुलांची जन्मसालं त्यांना सांगता येत नाहीत, कारखाने सांगता येतात. थोरला प्रवरेला झाला, मधली माळेगावला, धाकटा सोमेश्वरला. कोपीत, फडाच्या कडेला, किंवा टायरगाडीनं दवाखान्यात नेता नेता. कारखान्याच्या पट्टीचं साल शोधलं तर मुलाचं वयही बरोबर निघेल. शाळेच्या रजिस्टरात या तिघांची जन्मतारीख 1 जून आहे आणि जन्मस्थळ गाव. मास्तरांनी सोयीनं घातलेली ती तारीख आता आधार, पॅन, मतदार यादी सगळीकडं गेली आहे. वंशावळीला जोडायचा पुरावा म्हणूनही तीच चालते, आणि आईनं सांगितलेला कारखाना चालत नाही.

1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या सरकारी नावात स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी रीत सक्तीची झाली आहे. आणखी दोन पिढ्यांनी कोणी वंशावळ काढली तर निदान आईचं नाव त्यात आपोआप येईल. आजी-पणजीचं मात्र येणार नाही. त्यासाठी सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव, किती लेकरं झाली, किती जगली, कोणत्या साली कोणता कारखाना, उचल किती आणि ती कशात गेली, हे घरातल्या म्हातारीला विचारून साध्या शाळेच्या वहीत उतरवावं लागेल. तहसीलमध्ये ती वही कोणी मागणार नाही. दिवाळीनंतर गावात मागं राहतात त्या म्हाताऱ्याच, नातवंडं सांभाळत. विचारायला तेव्हा वेळही असतो. अडचण एवढीच की विचारणारा तेव्हा फडात असतो.